जुन्या फॉन्टच्या कन्व्हर्टरमध्ये आतलं डॉक्युमेंटेशन किती आणि कुठे लिहायचं?

खिळेजुळारी

नमस्कार मंडळी,

मी सांगलीत एका छोट्या छापखान्यात आहे. दिवसा लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, हँडबिलं. रात्री जमेल तसं पायथन. आमच्याकडे पतसंस्थांचे जुने अहवाल, स्मरणिका, एका बंद पडलेल्या साप्ताहिकाचे अंक असं बरंच काही कृतिदेव या युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये पडून आहे. ते युनिकोडमध्ये आणायला मी एक मुक्तस्रोत कन्व्हर्टर वापरायचो. मूळ लेखकाला वेळ होईना, म्हणून त्याच्याशी बोलून रेपो (कोडचं भांडार) मी चालवायला घेतला.

आता अडचण. कृतिदेवमध्ये अक्षरं डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवली जातात. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी, रफार व्यंजनाच्या नंतर. युनिकोडमध्ये दोन्ही बरोबर उलट. त्यामुळे कोडमध्ये दोन लूप आहेत: पहिला वेलांटी मागे नेतो, दुसरा रफार पुढे आणतो. मध्यंतरी एका होतकरू मुलाने अख्खी फाइल साफसूफ केली. फंक्शनं नीट लावली, नावं सुधारली, आणि ओघात या दोन लूपची अदलाबदल झाली. टेस्ट (आपोआप चालणाऱ्या तपासण्या) हिरव्या, म्हणजे पास होत्या, बदल आत गेला. मग एका वापरणाऱ्याचा निरोप आला की 'आर्थिक', 'धार्मिक', 'मार्मिक' सगळे मोडलेत. पतसंस्थेच्या अहवालात 'आर्थिक' किती वेळा येतो ते तुम्हीच बघा!

क्रम पूर्ववत केला. पण तो मुलगा म्हणतो, यात माझं काय चुकलं, कुठे लिहिलं होतं? आणि त्याचं बरोबर आहे. वापरणाऱ्यांसाठीचा रीडमी (माहितीची फाइल) आमच्याकडे छान आहे, स्क्रीनशॉट वगैरे. आत मात्र एक अक्षर नाही. मूळ लेखकाच्या डोक्यात जे होतं ते त्याच्याबरोबर गेलं.

तर प्रश्न असा: आत नेमकं काय लिहायचं आणि कुठे? कॉमेंट (कोडमध्येच लिहिलेली टीप), विकी, कमिटचा (बदल नोंदवतानाचा) संदेश, की वेगळी फाइल? दुसरं म्हणजे माझं इंग्रजी जेमतेम. चार ओळींच्या वर लिहायचं म्हटलं की हात थबकतो.

निखळ_कोड

कॉमेंट लिहून काय होणार? कोड बदलतो, कॉमेंट तशीच राहते, आणि मग ती खोटं बोलायला लागते. आमच्या ऑफिसात एका फंक्शनच्या डोक्यावर 'हे तात्पुरतं आहे' असं लिहिलंय. लिहिणाऱ्याची पोरं शाळेत जायला लागली.

फंक्शनला 'वेलांटी_आधी_सरकव' असं नाव द्या. 'आर्थिक' या शब्दाची एक टेस्ट टाका. विषय संपला. चांगला कोड स्वतःच बोलतो.

चिपळूणकरीण

टेस्टचं एकदम मान्य, ती आजच टाका. बाकीचं मला पटत नाही, आणि का ते जरा सविस्तर लिहिते. मी पुण्यात पोस्टग्रेस या डेटाबेसच्या सपोर्टमध्ये आहे. दुसऱ्यांनी लिहिलेला कोड अपरात्री वाचणं हेच माझं पोटापाण्याचं काम.

'वेलांटी_आधी_सरकव' हे नाव काय करायचं ते सांगतं. का, ते सांगत नाही. पुढच्या साफसफाईत कोणीतरी म्हणेल, या नावात 'आधी' कशाला हवंय, आणि पुसून टाकेल. टेस्ट लाल होईल हे खरं. पण मग तो टेस्ट हिरवी होईपर्यंत कुठेतरी ठिगळ लावेल, कारण टेस्टसुद्धा कारण सांगत नाही.

डेबियनची (लिनक्सचं एक वितरण) ओपनएसएसएलची भानगड माहीत नसेल तर ऐका. ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या लायब्ररीमध्ये यादृच्छिक आकडे तयार करणारी एक फाइल होती. तिच्यात अक्षरशः सारखी दिसणारी एकच ओळ दोन ठिकाणी होती. एका ठिकाणी ती बाहेरून आलेली यादृच्छिक सामग्री साठ्यात मिसळायची, म्हणजे सगळ्या खटाटोपाचा गाभा. दुसऱ्या ठिकाणी आकडे बाहेर देताना समोरच्याचा न भरलेला बफरही (आकडे ठेवायची मेमरीतली जागा) जाता जाता मिसळून घ्यायची. असला तर असला, नसला तरी बिघडत नाही. वाल्ग्रिंडसारखी मेमरीच्या चुका शोधणारी साधनं या ओळींवर 'न भरलेली मेमरी वापरताय' म्हणून कुरकुर करायची. २००६ मध्ये डेबियनचं पॅकेज सांभाळणाऱ्याने दोन्ही ओळी कॉमेंट करून बंद केल्या. तशा गुपचूप नाही. ओपनएसएसएलच्या विकासकांना त्याने आधी विचारलं होतं, आणि तिथून कोणी हात धरला नाही.

दुसरी ओळ गेल्याने काही झालं नाही. पहिली गेली आणि साठ्यात येणारं सगळंच बंद झालं. उरला फक्त प्रोसेसचा (चालू प्रोग्रामचा) क्रमांक. तो जास्तीत जास्त ३२,७६८. म्हणजे सप्टेंबर २००६ पासून डेबियन आणि उबंटूवर तयार झालेल्या एसएसएच (दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन) किल्ल्या इतक्या थोड्या शक्यतांमधल्या होत्या की कोणीही त्यांची आधीच यादी करून ठेवावी. १३ मे २००८ ला हे जाहीर झालं आणि जगभरच्या ॲडमिन लोकांना किल्ल्या नव्याने काढाव्या लागल्या.

आता गंमत बघा. त्या दोन ओळींपैकी एकीशेजारी कॉमेंट होती: प्युरिफाय (वाल्ग्रिंडच्याच जातीचं जुनं साधन) तक्रार करतं, एवढीच. ती कुठल्या ओळीला होती? बिनमहत्त्वाच्या. जिच्यावर सगळं उभं होतं तिच्याशेजारी एक शब्द नव्हता. कोड दोन्हीकडे सारखाच 'बोलत' होता, निखळ. ओळ वाचून फरक कळणं शक्यच नव्हतं, कारण फरक ओळीत नव्हता, ती कुठून बोलावली जाते त्यात होता.

तुमच्या दोन लूपचं अगदी हेच आहे. प्रत्येक लूप एकेकटा वाचला तर स्वच्छ. नियम दोघांच्या मधल्या जागेत आहे आणि त्या जागेत कोडची ओळच नाही.

लिनक्स कर्नलचे लोक काही शब्दाळ म्हणून प्रसिद्ध नाहीत. तरी मेमरी बॅरियर (मेमरीतल्या वाचन-लेखनाचा क्रम पक्का करणारी सूचना) वापरला आणि शेजारी कॉमेंट नसली तर त्यांची बदल तपासणारी चेकपॅच स्क्रिप्ट इशारा देते. कारण बॅरियर कुठे आहे ते दिसतं, पण दुसऱ्या प्रोसेसरवर चाललेल्या कुठल्या कोडसाठी तो घातलाय ते त्या ओळीत कधीच दिसणार नाही.

आता कुठे लिहायचं. पोस्टग्रेसची पद्धत मला सगळ्यात पटते. सोर्समध्ये फोल्डरागणिक साध्या मजकुराचे रीडमी आहेत. ग्राहकाचा इंडेक्स रुसला की मी आधी बी-ट्रीच्या (इंडेक्सची एक रचना) फोल्डरमधला रीडमी उघडते. तो सुरुवातीलाच सांगतो की ही रचना लेहमन आणि याओ यांच्या शोधनिबंधावरून घेतली आहे (१९८१ चा आहे तो), पानं काढून टाकायची पद्धत लॅनिन आणि शाशा यांच्याकडून. मग येतो खरा ऐवज: आम्ही निबंधापासून कुठे फारकत घेतली आणि का. उदाहरणार्थ, निबंधात वाचणाऱ्याला लॉक लागत नाही, कारण प्रत्येकाकडे पानाची स्वतःची प्रत आहे असं धरलंय. पोस्टग्रेसमध्ये बफर सगळ्यांचे सामाईक, म्हणून वाचतानाही पानावर लॉक घ्यावा लागतो. हे वाचलेलं नसेल तर हुशार माणूस निबंध वाचून येईल, म्हणेल हा लॉक फालतू आहे, आणि काढायला निघेल. हुशार माणसांपासूनच जास्त जपावं लागतं.

तर: एका ओळीचं किंवा दोन ओळींमधलं बंधन असेल तर त्याच जागी कॉमेंट. एकापेक्षा जास्त फाइलींत पसरलेलं असेल तर त्या फोल्डरमध्ये रीडमी. 'आधी असं होतं, ते का बदललं' ही हकिकत कमिटच्या संदेशात. विकीवर फक्त विकीपुरतं. रेपोच्या बाहेर ठेवलेलं डॉक्युमेंटेशन रेपोबरोबर प्रवास करत नाही. २०१६ च्या जानेवारीत गूगल कोड बंद झालं तेव्हा तिथले प्रकल्प हलवावे लागले. कोड गिटहबवर आणणं त्यातल्या त्यात सोपं, आजूबाजूची चर्चा आणि विकीची पानं कोण आवर्जून उचलतो?

इंग्रजीची काळजी सोडा. गिट या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाच्या सोर्समध्ये तांत्रिक डॉक्युमेंटेशनच्या फोल्डरात पॅक फाइल (आवृत्त्या दाबून एकत्र ठेवलेल्या फाइली) कशा बांधल्या जातात यावर एक फाइल आहे. ती चक्क आयआरसीवरच्या गप्पांची नोंद आहे. कोणीतरी विचारतंय, लिनस टोरवाल्ड्स उत्तरं देतोय, मधेच थट्टा, मधेच विषयांतर. कोणीतरी ती नोंद उचलून थोडी टिपणं घालून तशीच ठेवली. त्यातून कळतं की मोठी आवृत्ती पूर्ण ठेवून लहान आवृत्ती तिच्यावरून काढतात, कारण फाइली सहसा काळाबरोबर वाढतात. मोठी ती बहुतेक नवी, आणि नवीच जास्त वेळा लागते. शिवाय मजकूर वगळला हे नोंदवायला भर घातली हे नोंदवण्यापेक्षा कमी जागा लागते. एवढं कळलं की तो कोड वाचता येतो. भाषा कशी का असेना.

निखळ_कोड

डेबियनचा मुद्दा घेतला. पण माझा मूळ आक्षेप तसाच आहे. कॉमेंट चुकीची असली तर? चुकीच्या नकाशापेक्षा नकाशा नसलेला बरा.

चिपळूणकरीण

तुमचं 'हे तात्पुरतं आहे' चुकीचं नाही, निरुपयोगी आहे. काय झाल्यावर काढायचं तेच त्यात नाही.

आणि चुकीची कॉमेंटसुद्धा कामाला येते. पायथनमधलं सॉर्टिंग टिम पीटर्सने २००२ मध्ये लिहिलं. त्याबरोबर सीपायथनच्या (पायथनची मूळ अंमलबजावणी) सोर्समध्ये 'लिस्टसॉर्ट' नावाची मजकूर फाइल ठेवली: कुठल्या कल्पना करून बघितल्या, कुठल्या टाकल्या, मोजमाप काय आलं, सगळं गप्पा मारल्यासारखं. त्यात एक नियम स्पष्ट लिहिलाय: स्टॅकवर (एकावर एक रचलेल्या यादीत) जोडणीसाठी थांबलेल्या तुकड्यांच्या लांबीत अमुक नातं कायम राखायचं आहे. पुढे तेच सॉर्टिंग जावात गेलं, तिथेही तो नियम कॉमेंटमध्ये लिहिला होता.

२०१५ मध्ये काही संशोधक जावाचा कोड गणिती पद्धतीने सिद्ध करायला बसले. तो नियम कोडमध्ये खरोखर पाळला जातो का, हे तपासलं, तर नाही! कोड फक्त वरचे तुकडे तपासत होता, खाली स्टॅकमध्ये नातं बिघडू शकत होतं. जावामध्ये खास रचलेल्या प्रचंड मोठ्या ॲरेवर प्रोग्राम कोसळायचा. इतकी वर्षं इतक्या लोकांनी वापरलेला कोड. कॉमेंट आणि कोड यांच्यात तफावत होती म्हणून तर चूक सापडली. कॉमेंट नसती तर तपासायचं कशाशी? कोड जे करतो ते कोड करतो, यापलीकडे काही म्हणताच आलं नसतं.

पायथनमध्येही दुरुस्ती झाली. पुढे ३.११ मध्ये तुकडे कधी जोडायचे ते ठरवण्याची पद्धतच बदलली, तेव्हा त्या फाइलमधला मजकूरही बदलला. म्हणजे कॉमेंट शिळी होणं हा काही निसर्गनियम नाही. पीआर (कोणी सुचवलेला बदल) तपासताना तीही वाचायची, एवढंच.

अर्धा_र

रफाराचा विषय निघालाय तर राहवत नाही. खिळेजुळारी, तुम्ही हार्फबझचा कोड बघाच. क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड, लिबर ऑफिस या सगळ्यांत आपली देवनागरी जोडून दाखवण्याचं काम तोच करतो.

त्यातल्या भारतीय लिप्यांच्या फाइलमध्ये रफाराच्या तीन तऱ्हांना तीन नावं दिली आहेत, आणि प्रत्येकाशेजारी एकेका ओळीची कॉमेंट. पहिली: सुरुवातीला र आणि हलन्त आला की आपोआप रफार. दुसरी: र, हलन्त आणि पुढे झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडचिन्ह) आला तरच. तिसरी: रफाराचं स्वतंत्र अक्षरच येतं, ते फक्त जागेवर न्यायचं. खाली तक्त्यात देवनागरीपुढे पहिली, तेलुगूपुढे दुसरी, मल्याळमपुढे तिसरी. मला तेलुगू येत नाही, मल्याळम तर नाहीच. पण त्या तीन ओळी वाचल्या आणि तक्ता वाचता आला. त्या नसत्या तर ते तीन नुसते संकेत म्हणजे माझ्यासाठी काळा दगड.

कमिटचे संदेश तर आणखी भारी. ज्या काळात तो कोड विंडोजच्या युनिस्क्राइबशी (तिथलं लिपी जोडून दाखवणारं साधन) जुळवला जात होता, तेव्हाच्या संदेशांत प्रत्येक बदलानंतर लिपीवार आकडे टाकलेत: देवनागरीच्या इतक्या शब्दांपैकी इतके जुळले, इतके नाहीत. आज एखादी विचित्र ओळ दिसली आणि गिट ब्लेम (कुठली ओळ कुठल्या कमिटमध्ये आली ते दाखवणारी आज्ञा) मारला की कळतं, ती कुठल्या लिपीसाठी आली आणि तिने किती शब्द सुधारले. कोणी 'हे काढू का' विचारलं तर उत्तर तिथेच आहे.

तुमचा तक्ता (फॉन्टमधला कुठला कोड म्हणजे युनिकोडचं कुठलं अक्षर) कुठल्या कागदावरून तपासला ते कमिटमध्ये लिहीत जा. 'तक्ता दुरुस्त केला' एवढंच लिहिलेल्या कमिटचा पुढे काडीचा उपयोग होत नाही.

खिळेजुळारी

सगळ्यांचे आभार. टेस्ट टाकली. कॉमेंटही लिहिली, बघा कशी वाटते:

'महत्त्वाचे: रफार हाताळण्यापूर्वी वेलांटी हाताळावी. क्रम बदलू नये.'

आणि ती मराठीतच ठेवावी का?

चिपळूणकरीण

ही बागेतली पाटी झाली, 'फुले तोडू नयेत'. पाटी वाचून कोणी शहाणं होत नाही. शिवाय 'महत्त्वाचे' लिहू नका, सगळेच तसं लिहितात. मी अशी लिहीन:

'कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी असते आणि रफार नंतर. रफार आधी हलवला तर वेलांटी आणि व्यंजन यांच्यामध्ये र आणि हलन्त येऊन बसतात, आणि वेलांटी त्या र ला लागते. उदा. आर्थिक, धार्मिक. वेलांटीचं फंक्शन सध्या पुढचं एकच अक्षर ओलांडतं. ते पूर्ण जोडाक्षर ओलांडायला लागलं तर हा क्रम पाळायची गरज नाही.'

शेवटचं वाक्य काढू नका. कॉमेंट कधी रद्द होईल ते तिच्यातच लिहिलं की पुढच्याला ती पुसायची भीती वाटत नाही, आणि निखळ यांच्या ऑफिसातल्यासारखी ती पोरं शाळेत जाईपर्यंत राहत नाही.

भाषेचं म्हणाल तर, हा कोड कोण दुरुस्त करणार ते बघा. कृतिदेवचे ढीग हिंदी भागात आपल्यापेक्षा जास्त आहेत. उद्या भोपाळचा किंवा पाटण्याचा कोणी पीआर पाठवेल. त्याला 'पहिली वेलांटी' कळणार नाही, त्याच्याकडे ती छोटी इ ची मात्रा. तेव्हा कॉमेंट साध्या इंग्रजीत, उदाहरणाचे शब्द देवनागरीत. दोन-दोन शब्दांची वाक्यं चालतील. व्याकरणाची चूक कोणी दाखवली तर तोच पहिला वाचक समजा.

आणि त्या मुलालाच लिहायला सांगा. क्रम का लागतो हे सध्या तुमच्यापेक्षा त्याला ताजं आठवत असेल.

निखळ_कोड

शेवटच्या वाक्याची आयडिया उचलतो. आमच्या 'तात्पुरत्या' फंक्शनवर उद्या लिहून टाकतो, कुठला सर्व्हर बंद झाला की हे काढायचं ते. आधी तो कुठला ते शोधावं लागेल.

दौत_टाक

थोडं विषयांतर. माझ्याकडे आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकांच्या पेजमेकर फाइली आहेत, श्रीलिपी फॉन्टमधल्या. तुमच्या कन्व्हर्टरमध्ये श्रीलिपीचा तक्ता आहे का? नसेल तर मी बसून करून देऊ शकतो, निवृत्त आहे, वेळच वेळ.

खिळेजुळारी

काका, तक्ता नाही, आणि तुम्ही केलात तर फारच बरं होईल. आधी फाइलीत नेमका कुठला फॉन्ट आहे त्याचं पूर्ण नाव आणि पुढचा आकडा कळवा. मग एका पानाचा मजकूर आणि त्याच छापील पानाचा फोटो पाठवा, म्हणजे कोड आणि रूप शेजारी-शेजारी ठेवून बघता येईल. ज्या चिन्हाबद्दल शंका असेल त्याच्यापुढे 'शंका' असंच लिहा, रिकामं सोडू नका. आणि कुठल्या वर्षाचा अंक, कितवं पान, तेही प्रत्येक ओळीला लिहून ठेवा. मी ते तसंच कमिटमध्ये घालतो.

(कॉमेंट त्या मुलाने लिहिली. इंग्रजी माझ्यापेक्षा बरं आहे. 'मार्मिक' हे उदाहरण त्याने स्वतः वाढवलं.)